वेलकरबाईंचं पूर्ण मिनिट

परवा डॉक्टरांकडे गेले होते. वय झालं की डॉक्टर हे घरातल्या माणसासारखेच होतात, फक्त वाट जास्त बघायला लावतात. तिथल्या मुलीनं आल्याआल्या माझ्या बोटाला नाडी मोजायचा एक चिमटा लावला, भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत क्षणभर थांबली आणि कागदावर आकडा लिहून मोकळी झाली. चिमटा झकास होता, आकडाही बरोबरच असणार. पण माझ्या तोंडून निघून गेलं, "तुझं नाव काय गं?" ती दचकली. तिला वाटलं, म्हातारी आता तक्रार करणार. "तसं नाही गं," मी म्हटलं, "आमच्या वेळी पेशंटला हात लावायच्या आधी आपलं नाव सांगायची पद्धत होती." तिनं हसून नाव सांगितलं आणि पुढच्या माणसाला चिमटा लावायला गेली.

आमच्या वेळी पद्धत होती, हे मी खोटंच बोलले. पद्धत कसली डोंबलाची! तेव्हाही कुणी नाव सांगत नसे. ती पद्धत एकट्या वेलकरबाईंची होती, आणि त्यांच्या धाकानं आम्हा चौदा मुलींची झाली.

संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीचे दिवस होते. परळच्या एका इस्पितळाच्या मागल्या अंगाला, धोबीखान्याला लागून एक पत्र्याची शेड होती. तिथे आमचा वर्ग भरे. व्हर्नाक्युलर फायनल, म्हणजे मराठी सातवी, पास झालेल्या मुलींसाठी दोन वर्षांचा नर्सिंगचा मराठी वर्ग. पुढच्या इमारतीत इंग्रजीतून शिकणाऱ्या मुली कडक इस्त्रीच्या टोप्या घालून फिरत आणि आम्हाला 'शेडवाल्या' म्हणत. त्यांना पुस्तकं होती. आम्हाला वेलकरबाई होत्या. हा सौदा किती फायद्याचा होता ते कळायला मला बराच काळ लागला.

मी डिलाईल रोडच्या चाळीतली. वडील गिरणीत, मोठा भाऊ वसंत गिरणीत, चुलते गिरणीत. मी नर्सिंगचा फॉर्म भरला तेव्हा वडील तीन दिवस माझ्याशी बोलले नाहीत आणि चौथ्या दिवशी एवढंच म्हणाले, "दुसऱ्याची घाण काढूक जातलंस? बरा. पण एकदा हाकलून दिल्यानी, तर थेट गावाक. मगे लगीन." म्हणजे माझ्यापुढे दोनच वाटा होत्या, वेलकरबाईंची शेड नाहीतर मालवणकडे उतारूंनी भरून जाणारी बोट.

बाई गिरगावातल्या. पाठारे प्रभू, पिढ्यान्‌पिढ्यांच्या मुंबईकर. घरी शिसवी पलंग, बिलोरी झुंबर, ताटात रोज मासळी. अशा घरातली मुलगी लग्न न करता परळच्या गोरगरिबांच्या पाठी पुसत बसते, या गोष्टीचा आम्ही शरीरशास्त्रापेक्षा जास्त अभ्यास केला होता. अंगानं किरकोळ, रंगानं गोऱ्या, आवाज इतका खालचा की मागच्या बाकावरच्या मुली आपोआप पुढे येऊन बसत. निळ्या काठाचं पांढरं पातळ, पायांत कॅनव्हासचे बूट, आणि छातीवर उलटं टाचलेलं एक मोठं पुरुषी खिशातलं घड्याळ. ते त्यांच्या वडिलांचं. वडील सॉलिसिटरकडे हेडक्लार्क होते म्हणे. "त्यांनी या घड्याळात फक्त कोर्टाची वेळ बघितली," बाई म्हणत. "सेकंदाचा काटा मीच वापरात आणला."

त्या काट्यावर त्यांचं सगळं शास्त्र उभं होतं. नाडी मोजायची तर पूर्ण मिनिट. पंधरा सेकंद मोजून चारानं गुणायचं नाही. "तुम्ही पाव मिनिटच थांबलात, तर उरलेल्या पाऊण मिनिटात काय झालं ते कोण सांगणार? गुणाकार?" तीन बोटं ठेवायची, अंगठा कधीच नाही, कारण अंगठ्यात आपलीच नाडी उडत असते. आणि त्याआधी पेशंटच्या कानाशी वाकून नाव सांगायचं, काय करणार ते सांगायचं. पेशंट बेशुद्ध असला तरी. "झोपलाय तो, बहिरा झालेला नाही." मेलेल्या माणसाला धुवायचं असलं तरीही सांगायचं. "त्याला ऐकू येतं की नाही हा वाद भटजींनी करावा. आपण सांगावं."

पहिल्या दिवसाची गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाता येणार नाही, कारण माझं सगळं आयुष्य त्या दिवसावर टांगलेलं आहे. बाईंनी अर्धा तास नाडीबद्दल सांगितलं आणि म्हणाल्या, "आत पडद्याआड एक पेशंट आहे. आप्पा. भाजलेला आहे, तोंडाला-हाताला पट्ट्या आहेत, त्याला बोलता येत नाही. एकेकीनं आत जायचं, पट्टीवरून हलकेच मनगट धरायचं, मोजायचं आणि आकडा लिहून आणायचा." आम्ही चौदाजणी एकामागून एक गेलो. आत अंधारून आलेलं, खिडकीला कापड लावलेलं. आप्पा मानेपर्यंत चादर घेऊन गप्प पडलेला. मी नाव सांगितलं, मनगट धरलं. काही लागेना. बोटं इकडे सरकवली, तिकडे सरकवली. बाहेर मुली वाट बघतायत, मला एवढी साधी नाडीही लागत नाही, म्हणजे संध्याकाळी बोटीचं तिकीट! बाईंनी नुकतंच सांगितलं होतं, धडधाकट माणसाची बहात्तर. मी चौऱ्याहत्तर लिहिलं. अगदी बहात्तर लिहिलं तर संशय येईल, एवढी अक्कल मला त्या घाईतही सुचली होती.

सगळ्यांचे कागद बाईंनी टेबलावर मांडले. नऊजणींचे आकडे होते. कुणाचे सत्तर, कुणाचे ऐंशी. चौघींनी कागद कोरा ठेवला होता. चौदावी चिंचपोकळीची शेवंता, ती कागद न देता रडत उभी होती. "बाई, मला येत नाही. मी लई वेळ धरला. मला काय लागतच नाही."

बाई उठल्या, पडदा सरकवला आणि चादर ओढली. आप्पा काथ्यानं भरलेला होता. बाईंनी स्वतः शिवलेला, जुन्या गादीच्या कापडाचा, पोटाला एक ठिगळ असलेला पुतळा. आम्ही आधी किंचाळलो, मग हसलो, मग सगळ्यांच्या नजरा टेबलावरच्या कागदांकडे गेल्या.

"शेवंता आज नर्स झाली," बाई म्हणाल्या. "बाकीच्यांनी उद्यापासून सुरुवात करायची." मला वाटलं आता नऊजणींची खरडपट्टी निघणार. पण त्या आवाज न चढवता म्हणाल्या, "तुम्ही खोटारड्या आहात असं मी म्हणत नाही. तुम्ही घाबरलात. घाबरलेलं माणूस हातातलं सोडतं आणि पुस्तकातला आकडा लिहितं. लागत नसेल तर 'लागत नाही' असं लिहायचं. हे दोन शब्द लिहायला जिला लाज वाटत नाही, तिच्या हातात मी माणूस देईन." मग माझा कागद उचलून बघत राहिल्या. "चौऱ्याहत्तर. ही कोण परब? हुशार आहे. हिच्यावर लक्ष ठेवायला हवं."

पुढे बाईंचा आणखी एक रिवाज कळला. वर्गातल्या प्रत्येकीनं एक दिवस पेशंट होऊन पडायचं. सकाळी सातपासून संध्याकाळी सातपर्यंत. उठायचं नाही, स्वतःच्या हातानं पाणीही प्यायचं नाही, शौचाचं भांडंही खाटेवरच. बाकीच्या मुली तिचं सगळं करणार. पहिल्या दोघी-तिघी खिदळत पडल्या, पण दुपारपर्यंत त्यांचे चेहरे उतरले. गरम पेजेचा चमचा ओठाला लागला आणि भरवणारी गप्पा मारत असली की कसं वाटतं, ते व्याख्यानानं समजत नाही. माझ्या दिवशी मी भांडं मागायला लाजले आणि चार तास कळ काढली. बाईंना संध्याकाळी ते सांगितलं तर त्यांनी मान हलवली. "आता तुला लाजणारा पेशंट दुरून ओळखता येईल."

चौदाजणी झाल्या की पंधरावी पाळी बाईंची. दर वर्षी. पन्नाशी उलटलेली, वर्गात जिच्यापुढे आम्ही चळचळा कापायचो ती बाई, खाटेवर निमूट पडायची आणि वर्गातली सगळ्यात कच्ची मुलगी तिला स्पंज करायची. आमच्या वर्गात तो मान मला मिळाला. मी नाव सांगितलं, कुशीवर वळवलं, पाठ पुसायला घेतली आणि थांबले. कमरेच्या खाली, माकडहाडापाशी, जुन्या जखमेचा रुपयाएवढा खळगा होता. कातडी पातळ, चकचकीत.

"थांबलीस का? बोट लाव तिथे," बाई पडल्या पडल्या म्हणाल्या. "चौदा वर्षांची होते. टायफॉइड. तीन महिने पडून होते. घरात दोन गडी, एक बाई, आत्या, काकू, आई. सगळे उशाशी बसून रडत. कुशीवर वळवायचं कुणाला सुचलं नाही. चादरीला सुरकुती होती, तिच्यावर पडून पडून जखम झाली. ती सुरकुती अजून आहे बघ."

माझं बोट त्या खळग्यावर होतं. बाईंनी लग्न का केलं नाही, घरदार सोडून परळला का येतात, या सगळ्या आमच्या अभ्यासाचं उत्तर एका बोटाखाली मावलं. मी चादर अशी ताणली की बाई म्हणाल्या, "अगं, पलंग मोडशील."

मोठ्या माणसांचंही त्यांच्यापुढे चालत नसे. आमच्याकडे एक ऑनररी सर्जन येत. गाडीतून उतरले की मागे सात-आठ शिकाऊ डॉक्टरांची वरात. ते खाटेपाशी येत, पेशंटच्या पोटावर हात ठेवत आणि त्याच्या डोक्यावरून इंग्रजीत बोलून निघून जात. एकदा बाई आम्हाला घेऊन तिथेच उभ्या होत्या. सर्जनांनी एका म्हाताऱ्याच्या पोटाला हात लावला, तो घाबरून आखडला, तशी ते चिडले. बाई हळूच म्हणाल्या, "डॉक्टरसाहेब, आपण कोण ते त्याला ठाऊक नाही. आपलं नाव सांगितलंत तर पोट सैल सोडेल." साहेब लाल झाले, मग त्या म्हाताऱ्याकडे वळून चाचरत मराठीत नाव सांगितलं. म्हाताऱ्यानं पडल्या पडल्या हात जोडले, "माझा नाव रघुनाथ," म्हणाला, आणि पोट खरोखरच सैल सोडलं. त्यानंतर बाई वॉर्डात असल्या की साहेब आधी नाव सांगत. नसल्या की नाही, असं शिकाऊ डॉक्टर सांगायचे. पण निम्म्या वेळा का होईना!

आणि मग ते दिवस आले. 'मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र' या घोषणेनं लालबाग-परळ पेटलं होतं. गिरण्यांचे भोंगे बंद, रस्त्यावर दगडविटांचा खच, आणि दुपारपासून इस्पितळाच्या दारात माणसं येऊ लागली. टॅक्सीतून, हातगाडीवरून, दाराच्या फळीवर घालून. लाठी लागलेली, गोळी लागलेली. खाटा संपल्या, दोन खाटांच्या मधे सतरंज्या पडल्या. पुढच्या इमारतीतल्या नर्सा पुऱ्या पडेनात, म्हणून शेडवाल्यांना बोलावलं. आम्हाला येऊन जेमतेम तीन महिने झाले होते. बाईंनी प्रत्येकीला एक ओळ वाटून दिली. माझ्या वाट्याला चौदा माणसं आली.

सकाळी वसंत मोर्चाला गेला होता. तो कुठे आहे हे घरात कुणालाच माहीत नव्हतं. वॉर्डाच्या व्हरांड्यातून फाटक दिसे, आणि फाटकातून आत येणारं प्रत्येक माणूस मला आधी वसंत वाटे.

माझ्या ओळीत सहावी सतरंजी सखाराम तावडे यांची. चाळिशीचे, गिरणीच्या साचेखात्यात माग चालवणारे. डाव्या बरगडीखाली लाठी बसली होती. बाहेरून फक्त काळानिळा वळ. बोलत होते, पाणी मागत होते. बाकी रक्तबंबाळ माणसांच्यात ते अगदी धडधाकट दिसत. शिकाऊ डॉक्टर सांगून गेले होते, "दर पंधरा मिनिटांनी नाडी. वाढली तर लगेच कळवायचं." पहिल्यांदा मी नाव सांगून पूर्ण मिनिट मोजली. चौऱ्याऐंशी. लिहिली.

मग फाटकाशी एक हातगाडी आली. वर पडलेल्या माणसाच्या अंगात वसंतसारखा चौकड्यांचा शर्ट होता. मी व्हरांड्यात धावले. तो वसंत नव्हता. परत येईतो दुसरी गाडी. पुन्हा धावले. असा अर्धा तास उलटून गेला. आत आले तर चौदा कागदांवर रकाने रिकामे. सखाराम डोळे मिटून शांत पडले होते. मी त्यांचा कागद घेतला आणि उभ्या उभ्या दोन रकाने भरले. शहाऐंशी. चौऱ्याऐंशी. दोन्ही सारखे लिहिले तर संशय येईल, म्हणून एक थोडा निराळा.

पेन्सिल खाली ठेवते न ठेवते तोच बाई आल्या. त्या सगळ्या ओळींतून सारख्या फिरत होत्या. त्या कागद आधी कधीच बघत नसत, आधी माणूस. गुडघ्यांवर बसल्या, सखारामांच्या कानाशी वाकल्या. "मी वेलकर. नाडी बघते हं." तीन बोटं ठेवली, घड्याळ उचललं. बाहेर घोषणा, आत विव्हळणं, कुणी तरी "बाई, बाई" म्हणून ओरडतंय, आणि ही बाई पूर्ण एक मिनिट तशीच बसून. मला ते मिनिट अजून संपलेलं वाटत नाही. मग त्या उठल्या, आवाज न चढवता म्हणाल्या, "एकशे बत्तीस. परब, पळ. सर्जनना सांग, आतून रक्त जातंय. वेलकरनं सांगितलं म्हण."

साहेब आले. त्या धांदलीतसुद्धा वाकून नाव सांगितलं, मग पोटाला हात लावला आणि तडक ऑपरेशनला नेलं. स्ट्रेचर गेल्यावर बाईंनी कागद हातात घेतला.

"परब, हे दोन आकडे कुठून आले?"

मी पेन्सिल उचलली आणि परत खाली ठेवली.

"आप्पाकडून?"

मी मान खाली घातली. वाटलं, आता थोबाडीत बसेल. बसली असती तर बरं झालं असतं. बाई म्हणाल्या, "अजून तेराजण आहेत. पहिल्यापासून सुरू कर. नाव सांगून." आणि पुढच्या ओळीकडे गेल्या. त्या संध्याकाळी मी तेरा माणसांची नाडी मोजली, प्रत्येकाची पूर्ण मिनिट, आणि प्रत्येकाला नाव सांगताना माझंच नाव मला परकं वाटत होतं.

सखाराम वाचले. प्लीहा फाटली होती, आणखी अर्धा तास गेला असता तर हाती लागले नसते, असं साहेब म्हणाले. वसंतही दुसऱ्या दिवशी घरी आला. गिरगावात एका ओळखीच्याच्या माळ्यावर लपून होता, खरचटलंसुद्धा नव्हतं. मला मात्र कळून चुकलं होतं की माझं नर्सिंग संपलं. मेट्रनबाई पारशी, शिस्तीच्या कडक. रकाना खोटा भरला म्हणजे नाव कमी, हा नियम भिंतीवरच लावलेला होता. मी शेडमध्ये जाऊन बाईंना म्हटलं, "मी स्वतःच मेट्रनबाईंकडे जाऊन सांगते."

"जाऊच," बाई म्हणाल्या. "पण चूक आधी ज्याची त्याला द्यायची. तावड्यांना शुद्ध येऊन दोन दिवस झाले. चल."

मी अक्षरशः त्यांचे पाय धरले. बाई, काहीही सांगा, पण हे नको. त्या नुसत्या उभ्या राहिल्या. शेवटी मी चालू लागले, त्या माझ्यामागे दोन पावलं.

सखाराम खाटेवर होते, उशाशी त्यांची बायको. मी वाकले. "मी सुमन परब. त्या दिवशी तुमची नाडी मी बघायची होती. दोनदा मी बघितली नाही आणि बघितली म्हणून लिहिलं. त्यामुळे तुम्ही मेला असता." पाठ केल्यासारखं एका दमात बोलले.

बायकोला आधी समजलं. ती ताडकन उठली. "माझ्या घोवाचो जीव गेल्लो असतो तर गो? माका कुंकू परत दितलंस काय तू? तोंड बघा हिचा!" सगळा वॉर्ड बघायला लागला. बाई मधे पडल्या नाहीत. मी ऐकत उभी राहिले.

सखाराम क्षीण आवाजात म्हणाले, "अगो चेडवा, आमच्या खात्यात जॉबर हजेरी रोज अशीच लिवता. न बघता. पण माका येऊन सांगूक आजवर कोण इलो नाय." आणि बायकोला, "बस गे. तिका पाणी दी." ती बसली नाही, पण तांब्या पुढे केला. मी तो दोन्ही हातांनी घेतला.

तिथून आम्ही मेट्रनबाईंच्या खोलीत गेलो. मी सगळं सांगितलं. मेट्रनबाई वेलकरबाईंकडे वळल्या. "सिस्टर वेलकर, रूल तुमको मालूम हय."

बाईंनी एक लिहिलेला कागद त्यांच्यापुढे ठेवला. तो मला नंतर वाचायला मिळाला. त्यात माझी बाजू घेतलेली नव्हती. शिकाऊ नर्स परब हिने दोन नोंदी न मोजता लिहिल्या, असं सरळ होतं. त्याखाली होतं: तीन महिन्यांच्या मुलीवर चौदा पेशंट मी सोपवले. ती आकडे बनवू शकते हे मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. तरी सोपवले. नाव कमी करायचं तर क्रमानं करावं, आधी माझं.

"ऐसा नहीं चलता, सिस्टर," मेट्रनबाई म्हणाल्या. बाईंनी छातीवरचं घड्याळ सोडवून टेबलावर ठेवलं आणि हात मागे बांधून उभ्या राहिल्या. रुसवा नाही, नाटक नाही. सामान परत करावं तसं. त्या वर्षी त्यांना मुख्य ट्यूटरची जागा मिळायची होती, हे सगळ्या इस्पितळाला माहीत होतं. मेट्रनबाईंनी त्या घड्याळाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, शेवटी घड्याळ बाईंकडे परत सरकवलं आणि म्हणाल्या, "लडकी को रखो. लेकिन शिक्षा तुम दो. और रिपोर्ट उपर जायेगा." रिपोर्ट वर गेला. जागा दुसऱ्या कुणाला मिळाली. त्याबद्दल बाईंच्या तोंडून एक अक्षर मी कधी ऐकलं नाही, आणि मी विचारायचं धाडस केलं नाही.

शिक्षा अशी होती. तीन महिने मला कुठलाही पेशंट मिळणार नाही. रोज, वर्ग भरायच्या आधी, मी आप्पाच्या खाटेपाशी बसायचं, त्याला नाव सांगायचं, पूर्ण मिनिट त्याची नाडी बघायची आणि वहीत लिहायचं, 'लागत नाही.' खाली सही.

मुली आधी हसल्या. मलाही पहिल्या आठवड्यात लाजेनं मेल्याहून मेल्यासारखं झालं. काथ्याच्या माणसाचं मनगट धरून बसायचं म्हणजे काय! पण बाई रोज समोर उभ्या राहून घड्याळ धरत. कधी हसल्या नाहीत. एका महिन्यानंतर मला त्या मिनिटात काय काय असतं ते कळायला लागलं. पहिली दहा सेकंदं आपण घाईत असतो. मग कंटाळा येतो. मग आपलीच नाडी बोटांच्या टोकांत उडायला लागते आणि वाटतं, लागली! एकदा मी खरोखरच बोलून गेले, "बाई, लागतेय." बाई म्हणाल्या, "ती तुझी. बोट हलकं कर. आपली नाडी दुसऱ्याच्या हातात ऐकू येते, ती आपण घाबरलेलो असतो म्हणून, नाहीतर आपल्याला फार हवंसं असतं म्हणून. बोट हलकं करून पुन्हा बघायचं." ती वही माझ्याकडे अजून आहे. पानांमागून पानं, एकच वाक्य.

चौथ्या महिन्याच्या पहिल्या दिवशी बाईंनी मला माणूस दिला. त्याची नाडी माझ्या बोटांखाली आली तेव्हा मला रडू फुटलं. तो बिचारा घाबरून विचारायला लागला, "काय झालं, सिस्टर? कमी आहे का?"

महाराष्ट्र झाला. बाई निवृत्त झाल्या. त्यांच्या शेडमध्ये पुढे काही वर्षांनी मीच ट्यूटर झाले, आणि आप्पाच्या पोटाला दुसरं ठिगळ मी लावलं. सणासुदीला गिरगावला जायची. बाई शिसवी पलंगाच्या कडेला बसून माझ्या वर्गातल्या मुलींची चौकशी करत. "कोरे कागद किती? आकडे किती?" एका वर्षी चौदापैकी सात 'लागत नाही' आले म्हणून सांगितलं तर त्यांनी आत हाक मारून माझ्यासाठी त्यांच्या घरचा खास पदार्थ, कोलंबीचं भानवलं, मागवलं. एवढं कौतुक त्यांनी माझं कधीच केलं नव्हतं.

एका सकाळी त्यांच्या भाच्याचा निरोप आला. मी टॅक्सी करून गेले. जिन्यात चपलांचा ढीग होता, त्यावरूनच समजलं. आत पलंगावर बाई, अंगावर पांढरी चादर. पहाटे झोपेतच गेल्या, डॉक्टर बघून गेले, भाचा सांगत होता. बायका भिंतीला टेकून बसल्या होत्या. उशाशी समई. मी आधी चादर बघितली. उजव्या बाजूला सुरकुती होती. ती ओढून सरळ केली.

मग त्यांच्या कानाशी वाकले. "बाई, मी परब. नाडी बघते हं."

भाचेसून हळूच म्हणाली, "अहो, डॉक्टर सर्टिफिकेट देऊन गेलेत." मी मान हलवली. हात थंड होता. तीन बोटं ठेवली आणि माझ्या मनगटावरचं घड्याळ समोर धरलं. कुणीतरी हुंदका दिला. पहिली दहा सेकंदं गेली, वीस गेली. तिसाच्या पुढे माझ्या बोटांखाली उडायला लागलं. स्पष्ट, एकसारखं. भाच्याला हाक मारायला तोंड उघडलं होतं मी, देवाशपथ सांगते. आयुष्यात इतकं काही हवंसं वाटलं नव्हतं.

बोट हलकं केलं. ते थांबलं.

मी काटा साठापर्यंत जाऊ दिला. घाई केली नाही.

"लागत नाही, बाई," मी म्हटलं. हात चादरीखाली नीट ठेवला, आणि त्यांच्या भाचेसुनेकडे बाईंचं अंग पुसायला कोमट पाणी मागितलं.